आधी समोरच्याचं म्हणणं

वरच्यांच्या गळी एखादी गोष्ट कशी उतरवावी, याचे म्हणे आता वर्ग भरतात. आमच्या शेजारचे गृहस्थ कंपनीच्या खर्चाने असा एक वर्ग करून आले आणि चहा पिता पिता मला समजावू लागले. आधी निष्कर्ष सांगायचा, मग कारणं, मग खर्च. साहेब लोकांना वेळ नसतो हो! मी मान हलवली. दुसरं काय करणार? पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. रात्रभर नीट झोप नाही आणि आज सकाळपासून हे लिहीत बसलोय.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. मी अंबरनाथला एनॅमलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात टायपिस्ट होतो. पेले, ताटल्या, तसराळी असला माल. पत्र्याला आकार द्यायचा, काचेच्या भुकटीच्या पांढऱ्या लुकणात बुडवायचा, वाळवायचा, भट्टीत भाजायचा. भाजण्याआधी काठाला निळी किनार ओढायची. ते काम करायचं किनार खातं आणि तिथे सगळ्या बायकाच. छोट्या फिरत्या चाकावर पेला ठेवायचा, डाव्या हाताने चाक फिरवायचं आणि उजव्या हातातला कुंचला काठाला नुसता टेकवायचा. बघायला सोपं. मी एकदा करून बघितलं तर बायकांना आठवडाभर हसायला पुरलं.

त्या बायकांत माझी धाकटी बहीण होती. आमचं गाव चामटोली. दोघं भावंडं उजाडता उजाडता निघायचो, बदलापूर स्टेशनपर्यंत चालायचो आणि तिथून अंबरनाथ. वाटेत ती अखंड बडबडायची. लग्नाआधीही अशीच होती. मधली चार-दोन वर्षं तिचा आवाज बंद झाला होता, तो त्या कारखान्यात परत आला.

तिला दिली होती खाडीकडच्या एका घरात. त्यांची मिठागरं. नवरा दारू पीत नव्हता, पत्ते खेळत नव्हता. लोक म्हणायचे, देवमाणूस! डोंबलाचा देवमाणूस. चारचौघांत तोंडातून अवाक्षर काढायचा नाही, सगळं पोटात ठेवायचा आणि दार लागलं की तिच्यावर काढायचा. एक दिवस ती एका कानावर फडकं दाबून आमच्या अंगणात उभी राहिली. फडकं लाल झालं होतं. आई किंचाळली, मी कोयता घेऊन निघालो, काकाने मला मागून कवेत धरून खाली बसवलं. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील नव्हते, घरातलं बोलणंचालणं काकाच बघायचा. तो म्हणाला, "कोयता ठेव. बैठक लावू."

आमच्याकडे वडीलधाऱ्यांच्या बैठकीची एक रीत होती, ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येतं. ज्याला काही मागायचंय त्याने आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं. तोंडदेखलं नाही, समोरच्याला स्वतःला जमलं नसतं इतकं चांगलं. तो "हां, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत आपलं एक अक्षर काढायचं नाही. आणि शेवटी सुपारी फिरेपर्यंत कोणी जागचं उठायचं नाही.

बैठक बसली, काका उभा राहिला आणि जावयाच्या बाजूने बोलायला लागला. "पोरगी उलटून बोलते. सासूचा मान ठेवत नाय. घरात पाळना हालला नाय. हा दिवसभर मिठात उभा ऱ्हातो, पायाच्या भेगांत मीठ जातं, नि घरी आला का हिचं तोंड चढल्यालं. मानसानं कोनाला सांगावं?" मला तर वाटलं उठून काकाचंच नरडं धरावं. हा आमचा की त्यांचा! पण मी जावयाकडे बघत होतो. त्याची ताठ मान हळूहळू सैल झाली. डोळ्यांत पाणी आलं. जन्मात कधी न बोललेला तो माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हां. हेच." मग काका म्हणाला, "आता पोरीचं. तिच्या कानातनं रगत आलं." बस्स, एवढंच. आणखी बोलावंच लागलं नाही.

बैठकीने तिला माहेरी राहायची मुभा दिली. नवऱ्याने हक्क सांगायचा नाही. पण त्यांच्या माणसांनी एक अट घातली. भावाच्या घरचे आयते घास गोड लागतात म्हणून बाई नांदत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ती जोवर स्वतः कमवून खाईल तोवर माहेर, काम सुटलं की सासर. काकाने मान्य केलं. मी महिन्याच्या आत तिला किनार खात्यात चिकटवलं. वर्षभराने काका गेला, पण शब्द काही त्याच्याबरोबर गेला नाही. तो गावाच्या डोक्यात पक्का होता. माझ्या बहिणीचं माहेर त्या निळ्या किनारीवर उभं होतं. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि आमच्या मॅनेजरसाहेबांनाही माहीत होतं.

साहेब कुळगावचे. जुन्या शेतकरी घरातले, शिकून इंजिनियर झालेले. वडील बैठकीतलं मोठं माणूस. साहेब कारखान्यात सूट घालायचे, पण जेवताना बूट काढून मांडी घालून बसायचे. मला "बाळा" म्हणायचे, रागावले की "टायपिस्ट" म्हणायचे. इतका सरळ माणूस मी पुन्हा पाहिला नाही, आणि सरळ माणसांचं काय होतं तेही तिथेच पाहिलं.

एक दिवस फोर्टातल्या हेड ऑफिसचं पत्र आलं. किनारीची गरज आहे का? सादा माल काढला तर काय हरकत? कारखान्याने आपली शिफारस पाठवावी, पुढल्या मीटिंगमध्ये डायरेक्टर निर्णय घेतील. पत्र मीच फोडलं. तसाच धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाळा, घाबरू नको. विचारलंय ना त्यांनी? विचारतात म्हणजे ऐकणार. आपण नीट मांडू."

मांडायला त्यांनी जीव ओतला. मला घेऊन कॅम्पात गेले. उल्हासनगर हे नाव पडलं होतं, पण आम्ही अजून कॅम्पच म्हणायचो. बराकींच्या पुढे सिंधी लोकांनी फळ्या टाकून दुकानं थाटलेली. आमचा माल घेणारा एक व्यापारी होता, त्याला साहेबांनी विचारलं की सादा पेला चालेल का. लढाईनंतर लष्कराचे पांढरे पेले ढिगाने बाजारात आले होते, पोचे पडलेले, टवके उडालेले. त्या माणसाने कपाळावर हात मारला. "साईं, सादा माल इधर कौन लेगा? सब बोलेंगे मिलिट्री का उतरा हुआ है. हम लोग घर, दुकान, सब छोड़के आए. अब चाय पीने का प्याला भी पुराना लें क्या? किनारीवाला दो, जितना है उतना दो." साहेबांचा चेहरा उजळला. परत येताना म्हणाले, "झालं काम. ह्याच्यापुढे कोण काय बोलणार!"

टिपण दोन पानांचं झालं. इंग्रजीत. साहेब सांगत होते, मी टाइप करत होतो. वर विषय नुसता 'किनार खात्याचा प्रश्न' असा. चालू ठेवा की बंद करा, काही नाही. पहिलं पान सगळं हेड ऑफिसच्या बाजूचं. किनारीने काम लांबतं, माल वाळवायच्या फळ्यांवर अडकून पडतो, रंग उडून पांढऱ्या भागावर ठिपके पडले की पेला बाद, सादा माल काढला तर भट्टी भराभर भरेल. इतकं मुद्देसूद की टाइप करता करता माझंच मन डळमळायला लागलं. दुसरं पान आपलं. काठाचा टवका आधी उडतो, किनार तिथे दुहेरी थर देते. कॅम्पातली दुकानं सादा माल उचलणार नाहीत. बायकांचे हात तयार व्हायला वेळ लागतो, एकदा घालवले की परत मिळणार नाहीत. आणि शेवटी, अगदी शेवटच्या ओळीत, खातं चालू ठेवावं ही शिफारस. माझ्या बहिणीबद्दल अर्थातच काही नाही. मीच भीत भीत विचारलं होतं, तर साहेब म्हणाले, "कंपनी म्हणजे काय बैठक आहे का बाळा? तिथे घरगुती चालत नाही." हे एवढं त्यांना कळत होतं, आणि तरीही!

मी एकदा म्हटलं, "साहेब, आपलं पान वर घेऊ या का?" त्यांनी चष्मा काढला. "आधी मागितलं की मागणारा लहान होतो. त्यांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा चांगलं मांडू. वाचून म्हणतील, ह्या माणसाला आमची अडचण कळते. मन नरम होईल. मग पान उलटतील." मला पटलं. का नाही पटणार? मी काकाला ऐकलं होतं. जावयाच्या डोळ्यांतलं पाणी ह्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मीटिंगच्या दिवशी फाइल सांभाळायला साहेब मला बरोबर घेऊन गेले. फोर्टात त्या बंद दारासमोर एका बाकावर आम्ही बसलो. काही विचारायचं झालं तर आत बोलावतील, असं कळवलं होतं. साहेब मनातल्या मनात उत्तरं घोळवत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. शिपाई चहाचा ट्रे घेऊन आत गेला, रिकामा ट्रे घेऊन बाहेर आला. आम्हाला बोलावणं काही आलं नाही. मग दार उघडलं आणि सेक्रेटरी हसत बाहेर आले. साहेबांचा हात हातात घेऊन म्हणाले, "वा! फार स्वच्छ टिपण. डायरेक्टर बेहद्द खूश आहेत. कारखान्याची माणसं सहसा आपलं खातं सोडायला तयार नसतात, तुम्ही आमचं काम सोपं केलंत."

साहेबांना कळेचना. "सोपं म्हणजे?"

"खातं बंद. मी पहिलं पान वाचून दाखवलं, एकमताने पास झालं."

"पण दुसरं पान..."

"दुसऱ्याची गरजच पडली नाही. पहिल्यातच सगळं आलं होतं की."

"अहो, ते तुमचं म्हणणं होतं! आमचं नव्हे!" साहेबांचा आवाज चिरकला. शिपाई वळून बघायला लागला.

सेक्रेटरी वाईट माणूस नव्हते. खरोखर गोंधळले होते. म्हणाले, "आमचं म्हणणं तुम्ही कशाला लिहाल?"

साहेब काय सांगणार, की आमच्या गावात असं करतात? त्या दारात उभं राहून? आत पुढचा विषय सुरू झाला होता, कोणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. सेक्रेटरींनी साहेबांच्या खांद्यावर थोपटलं आणि दार लावून घेतलं. साहेब बाकावर बसले ते कितीतरी वेळ उठेचनात. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, चला. गाडी जाईल."

त्यांनी दुसरं टिपण पाठवलं. ह्या खेपेला शिफारस पहिल्या ओळीत, जाड अक्षरात. उत्तर आलं दोन वाक्यांचं. कारखान्याने स्वतःच बंद करण्याची शिफारस केली आहे. दर महिन्याला मत बदललं तर मंडळाला काम करणं अवघड होईल. आणि फाटकावर लावायची नोटीस बरोबर जोडलेली. तिच्यात छापलं होतं, 'कारखान्याच्या शिफारशीवरून'. ती बायकांना वाचून दाखवायची पाळी माझ्यावर आली. वाचून झाल्यावर एक म्हातारी पुढे झाली आणि साहेबांना म्हणाली, "तुमी सांगितलंत?" साहेब म्हणाले, "मी लिहिलं." आणि आत निघून गेले. समजावून सांगायला गेले असते तर अजून खोटं वाटलं असतं. त्यानंतर जेवताना त्यांनी बूट काढलेले मी पाहिले नाहीत. टेबलावरच चार घास खायचे आणि फाइलीत तोंड घालायचे.

बहीण दुसरं काम शोधायला लागली. कुठे मिळणार? कॅम्पात गेलो तर तिथल्या बायाच कामासाठी दारोदार फिरत होत्या. चांगल्या घरच्या, कानात अजून सोनं असलेल्या. तो व्यापारी हळहळला, "साईं, मेरी भाभी खुद बटन टाँकती है. तेरी बहन को क्या दूँ?" सरकारी दारूगोळ्याच्या कारखान्यात तिच्यासारखीला कोण उभं करणार? आणि भातशेतीची मजुरी बैठकीच्या लेखी काम नव्हतं. ती तर भावाच्याच शेतात झाली असती. बहीण वाटेत बडबडायची बंद झाली. मग वाटच बंद झाली. मी एकटाच स्टेशनला जायला लागलो.

खाडीकडून निरोप आला. बैठक लावा.

काका नव्हता, तेव्हा बोलायचं मला होतं. त्या दिवसांत मी काय होतो ते सांगतो. फोर्टातलं ते बंद दार डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. जगात आधी आपलं सांगावं लागतं, नाहीतर ऐकायला कोणी थांबत नाही, हे मला इतकं लख्ख कळलं होतं की बस्स! रस्त्याने जाताना मी तेच पुटपुटत होतो. बैठक बसली. जावई समोर खाली मान घालून बसला होता, काटकीने माती उकरत. मी उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्याला म्हणालो, "पोरगी जाणार नाही."

मग सगळ्यांत वडीलधारे होते ते हळूच म्हणाले, "बाला, आदी त्याचं बोल."

"त्याचं मी कशाला बोलू? त्याला तोंड नाय?"

"रीत हाय, बाला. त्याचं बोल, मग तुजं आयकू."

मी कसला ऐकतोय! मी कारणं सुरू केली. एकामागून एक, क्रमवार, टायपिस्टासारखी. तिचा कान अजून नीट ऐकत नाही. काम सुटलं ते तिच्या दोषाने नाही. माझी कमाई घराला पुरते. अट घालणाऱ्यांनी कारखाने बंद होतील हे धरलंच नव्हतं. सगळं खरं होतं, आणि मी चांगलं बोललो, मला माहीत आहे. पण कोणी माझ्याकडे बघतच नव्हतं. सगळे जावयाकडे बघत होते, आणि तो माती उकरत होता, उकरत होता. त्याची मान दगडासारखी ताठ. माझं बोलणं अर्ध्यावर असताना एकजण उठून चालता झाला. सुपारी फिरायच्या आधी! असं मी कधी पाहिलं नव्हतं. मग दुसरा उठला. वडीलधारे म्हणाले, "बोलनं झालंच नाय, तवा निवाडा कसला. आदीचा शबुद हाय तोच."

मी त्याचं मांडलं असतं तर काही झालं असतं का? मला काय ठाऊक! कदाचित तेव्हाही हेच झालं असतं. मला विचारू नका. मी त्या जागी पुन्हा शंभरदा उभा राहिलोय आणि शंभरदा माझ्या तोंडून त्या माणसाची बाजू निघालेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बदलापूर स्टेशनकडे निघालो. जावई आणि त्याचा भाऊ पुढे. मागे मी तिची ट्रंक खांद्यावर घेऊन, आणि बरोबर ती. ती रडत नव्हती. मीच रडत होतो, ट्रंकेमुळे डोळे पुसता येत नव्हते. मी म्हणालो, "मी त्याला ठणकावून सांगितलं गं. सगळ्यांसमोर सांगितलं."

"आयकलं मी," ती म्हणाली. नवऱ्याच्या पाठीकडे तिने एकदा बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला. "माजं तू लय चांगलं बोललास, दादा. पन त्याचं कोनीच नाय बोललं. आता तो ते घरी गेल्यावर बोलंल."